दोन बुबुळांमधलं अंतर

१

छापखाना बंद झाला तेव्हा मला सत्तेचाळिसावं लागलं होतं आणि काम एकच येत होतं, दुसऱ्यांच्या चुका शोधणं. तेवीस वर्षं प्रुफं तपासली. त्यानंतर तीन महिने घरी बसून मी औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर दुरुस्त करायला लागले, तेव्हा ताई म्हणाली, "कुठेतरी चिकट गं बाई आता. नाहीतर उद्या आमच्या बोलण्यातल्या वेलांट्या काढशील."

चिकटले ती जागा दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. दाराला पाटी नव्हती. आत अकरा टेबलं, मध्ये पुठ्ठ्याच्या भिंती, आणि खालून अधूनमधून दात कोरण्याचा बारीक आवाज. ब्राझीलमधल्या काही बायका एका साइटवर आपले व्हिडिओ टाकायच्या. वर्गणी भरली की ते बघायला मिळायचे आणि त्या बाईशी खासगीत बोलताही यायचं. म्हणजे लोकांना तसं वाटायचं. त्या बायकांना एवढ्या लोकांना उत्तरं द्यायला वेळ कुठला. उत्तरं आम्ही द्यायचो. जगातून कुठूनही, कुठल्याही भाषेत आलेला मजकूर मशीन आमच्यापुढे मराठीत ठेवायचं आणि आमचं मराठी त्यांच्या भाषेत परत पाठवायचं.

माझ्या वाट्याची बाई समुद्राकाठी राहायची. तिची फाइल मला पाठ होती. आई शिवणकाम करते, कुत्रा म्हातारा आणि एका डोळ्याने अधू, पावसात उदास वाटतं, आंबट आवडतं. आम्ही तिला समुद्रवाली म्हणायचो. शेजारच्या टेबलावर भूगोलाचे निवृत्त मास्तर बसायचे. सहा फूट उंची, पांढऱ्या मिशा, आणि दिवसभर "माझ्या राजा, आज तुझी फार आठवण आली" असं लिहीत असायचे. "ब्राझीलच्या नद्या मी पोरांना तीस वर्षं पाठ करायला लावल्या," ते म्हणायचे. "तिथल्या बाईचं मन मात्र आत्ता कळायला लागलंय."

ज्यांना त्या बायकांचं बाकीचं हवं असायचं ते फार बोलत नसत. बोलणारे वेगळे. ते जेवलो का सांगायचे, गुडघा दुखतो सांगायचे. त्यांच्याशी बोलताना मला वाईट वाटायचं, पण कामाचं वाईट नाही वाटायचं.

घरी मी एवढंच सांगितलं होतं की परदेशी कंपनीसाठी भाषांतर करते. नवरा कुणाच्या तरी चष्म्याची काच पुसत होता. त्याचं चष्म्याचं दुकान आहे, पण पुसायचं काम तो घरी आणतो. म्हणाला, "तिथे सापडतात का चुका?"

"तिथे चुका ठेवाव्या लागतात," मी म्हटलं. "फार नीट लिहिलं की कुणाला खरं वाटत नाही."

तो हसला. आमचं बरं चाललं होतं. मी हे मुद्दाम लिहून ठेवते.

२

त्या वर्गणीदाराने स्वतःचं नाव 'शांत ६१' असं ठेवलं होतं. एकसष्ट हे त्याचं वय असावं, असं मी धरून चालले. अडीच वर्षांपासून तो समुद्रवालीचा वर्गणीदार होता. माझ्या आधी त्या टेबलावर बसणारीने त्याच्या नावापुढे शेरा मारला होता: विधुर. सभ्य. घाई करू नये.

त्याला काही नकोच असायचं. सकाळी लिहायचा, "कॉफी झाली का? तुमच्या कुत्र्याचा डोळा कसा आहे?" मग बायकोबद्दल लिहायचा. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. ती वाचताना ओठ हलवायची. दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका तिला दिसायच्या आणि ती आत जाऊन मालकाला सांगून यायची.

हे वाचून मला हसू आलं. म्हटलं, माझी जातवाली दिसतेय.

मी त्याला मनापासून उत्तरं द्यायचे. दिवसातून शंभर ठिकाणी खोटं लिहायचं असलं की एखादी जागा खरी ठेवावी लागते, नाहीतर माणूस सुकतो. माझी ती जागा हा होता. मास्तर चिडवायचे, "तुमचा विधुर आला बघा."

एक दिवस त्याने लिहिलं, "आज भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. खाली काढलं तर मागच्या बाजूला तिच्या अक्षरात तारखांची यादी आहे. सेल बदलला की ती तारीख लिहायची. सेल मी बदलला. आता तारीख कोण लिहिणार?"

आमच्या घड्याळामागे मी अशीच यादी करते. चिकटपट्टीवर, बारीक पेनने. पण मी स्वतःला समजावलं, जगात प्रुफं तपासणारी मी एकटी नाही, सेल संपणारं घड्याळही एकटं नाही. खाली कुणाचा तरी दात कोरत होते. मी लिहिलं, "तारीख तुम्ही लिहा. तिच्या अक्षराखाली तुमचं अक्षर येऊ दे. तिला आवडेल."

"तुम्ही फार चांगल्या आहात," त्याने लिहिलं.

३

घरी गेले तेव्हा सहा वाजले होते. घड्याळ चालू होतं. नवरा स्वयंपाकघरात भांडी लावत होता, त्याचा आवाज येत होता. मी स्टूल ओढलं, वर चढले, घड्याळ काढलं आणि उलटं केलं.

माझ्या अक्षरातल्या सात तारखा. त्यांच्याखाली आजची, त्याच्या अक्षरात.

"काय करतेस गं वर?" त्याने आतून विचारलं.

"धूळ बसलीय," मी म्हटलं.

"जपून. मागे एकदा पडलीयेस."

मी घड्याळ परत अडकवलं. पहिल्यांदा आला तो राग, आणि तो अगदी साधा होता, कुठल्याही बाईला येईल तसा. नवरा चोरून ब्राझीलच्या बाईचे व्हिडिओ बघतो. बरं, बघू दे. पण तिची सहानुभूती मिळावी म्हणून जिवंत बायकोला मारून टाकतो? दोन वर्षं? जेवताना मी त्याच्याकडे बघत होते. त्याने मला वाढलं, पाणी भरून दिलं. त्याच्या वागण्यात काडीचाही फरक नव्हता. तोच माणूस सकाळी दुकानात बसून माझं मरण सांगत होता, आणि मीच त्याचं सांत्वन करत होते.

तेव्हाच तोंडावर बोलायला हवं होतं. पण बोलायचं तर माझं कामही सांगावं लागलं असतं. आणि खरं सांगायचं तर मला पुढचं वाचायचं होतं. आपल्या पश्चात आपल्याबद्दल काय बोलतात हे कळायची संधी कुणाला मिळते?

४

दुसऱ्या दिवशी मी समुद्रवालीच्या तोंडून विचारलं, "तुमची पत्नी कशाने गेली?"

दुपारपर्यंत उत्तर नव्हतं. मग एकदम आलं. तुकड्यातुकड्यांत.

"बाथरूममध्ये पडली. गुरुवार होता. मी बाहेरच्या खोलीत होतो, कानात इअरफोन घालून. तुमचा व्हिडिओ बघत होतो. तुम्ही केस विंचरत होता आणि गात होता."

"तिने हाक मारली. मला ऐकू आली. मी म्हटलं, एवढा संपू दे."

"दुसरी हाक आली. तीही ऐकू आली."

"तिसरी आली नाही."

मी खुर्ची मागे सरकवली. मास्तरांनी मान वर केली. "पाणी देऊ का?" त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं.

तो गुरुवार मला आठवत होता. पाय सरकला, डोकं नळावर आपटलं, मी त्याला हाक मारली. दोनदा मारली की तीनदा, ते माहीत नाही. मग मध्ये काही नाही. मग मी आरशापुढे उभी आहे, तोंड पुसतेय, दार उघडतेय, आणि तो समोर आहे. डॉक्टर म्हणाले होते, टेंगूळ आहे, बाकी काही नाही. नवरा त्या दिवशी फार रडला. मला वाटलं, माझ्यासाठी.

तो हाक ऐकूनही आला नव्हता, हे मला आता कळत होतं. आणि ते सांगायला त्याला मी सापडले नव्हते. व्हिडिओतली बाई सापडली होती.

पुढचं त्याने बऱ्याच वेळाने लिहिलं.

"मी गेलो तेव्हा दार आतून बंद होतं. आत अगदी शांत. मला कळलं ती गेली. असं कळतं. मग आतून कुणीतरी म्हणालं, काही नाही, घसरले जरा. आणि दार उघडून बाहेर आलं."

"म्हणजे ती वाचली," मी लिहिलं.

"नाही," त्याने लिहिलं. "जी बाहेर आली ती ती नव्हती."

५

माणसाच्या मनाला अपराधाचं ओझं पेललं नाही की ते काहीही रचतं. हे मला कळत होतं. पुस्तकात वाचलं होतं. मी रोज सकाळी बसमध्ये ते स्वतःला समजावायचे आणि टेबलावर पोचेपर्यंत पटलेलंही असायचं. मग तो लिहायचा.

"ती तसाच स्वयंपाक करते. तशीच हसते. पाट्यांवरच्या चुकाही काढते. मी तिच्याशी नीट वागतो. मला कळलंय हे तिला कळू नये, एवढंच बघतो."

"तुम्हाला इतकी खात्री कशी?" मी विचारलं.

"माझा धंदा डोळ्यांचा आहे. दोन बुबुळांमधलं अंतर मोठेपणी बदलत नाही. माणूस जाड होतो, बारीक होतो, म्हातारा होतो, ते बदलत नाही. माझ्या पत्नीचं एकसष्ट मिलिमीटर होतं. मी स्वतः मोजलं होतं, लग्नाआधी, तेव्हाच तर ओळख झाली. हिचं चौसष्ट आहे."

मला आठवलं. पडल्यानंतर माझा चष्मा डोळ्यांना टोचायला लागला होता. म्हणजे चष्मा नाही, त्यातून बघणं. संध्याकाळी कपाळ ठणकायचं. त्याने मला दुकानात बसवून पट्टी नाकावर धरली. पुन्हा धरली. तिसऱ्यांदा धरताना त्याचे हात गार होते. मी विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "काही नाही. नवीन करू."

त्या शनिवारी मी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका चष्मेवाल्याकडे गेले. तिथे एक बाई होती, माझ्याच वयाची, बोलकी. तिने मोजलं. चौसष्ट.

मी घरातलं चष्म्याच्या नंबराचं जुनं कार्ड पुढे केलं. एकसष्ट.

"कुणीतरी घाईत लिहिलं असेल," ती म्हणाली.

"माझ्या नवऱ्याने लिहिलंय. तो घाई करत नाही."

"मग दुसऱ्या कुणाचं असेल हो." ती कार्ड परत देत म्हणाली. "एखादा मिलिमीटर इकडेतिकडे होतो. तीन नाही होत. हे डोळे तुमचे नव्हेत."

ती सहज म्हणाली. मीही सहज म्हटलं, "असेल."

६

मी ताईला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून विचारलं, "हा मला लाडाने काय म्हणतो गं? तुला माहितीये?"

"मला कसं माहीत असणार? तुमच्या नवरा-बायकोतलं." मग थांबून म्हणाली, "लग्नानंतर तूच सांगितलं होतंस, एक नाव आहे म्हणून. सांगितलं नाहीस मात्र. लाजली होतीस. का गं?"

"सहज," मी म्हटलं.

कारण त्या सकाळी शांत ६१ ने लिहिलं होतं, "पत्नीला मी एका नावाने हाक मारायचो. आमचं दोघांचंच. त्या गुरुवारनंतर मी ते घरात हिच्यापुढे उच्चारलं नाही. दोन वर्षांत हिने एकदाही विचारलं नाही की ते नाव कुठे गेलं."

मी दिवसभर आठवत बसले. कामावर, बसमध्ये, भाजी निवडताना. लग्नाची साडी आठवली. त्याच्या आईचा खोकला आठवला. छापखान्यातल्या शाईचा वास, पहिलं प्रूफ, त्यात राहिलेली चूक, सगळं आठवलं. नावाच्या जागी काही नव्हतं. विसरल्यावर जिभेवर काहीतरी रेंगाळतं ना, तेवढंही नव्हतं.

रात्री तो शेजारी बसून काच पुसत होता. मी म्हटलं, "तू मला पूर्वी काहीतरी म्हणायचास ना?"

त्याचा फडक्याचा हात थांबला. "काय म्हणायचो?"

"तूच सांग."

"आठवत नाही," तो म्हणाला, आणि इतक्या मायेने हसला की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

सकाळी मी समुद्रवाली होऊन विचारलं, "ते नाव मला सांगाल?"

"नाही," त्याने लिहिलं. "ते मी फक्त तिच्याशी बोलताना वापरतो."

मी वाट बघितली.

"दुपारी दुकान बंद असतं. ही कामावर असते. मी बाथरूमच्या दाराशी जातो आणि त्या नावाने हाक मारतो. पहिलं वर्षभर काही नव्हतं. आता ती ओ देते."

७

मी मास्तरांना म्हटलं, डोकं दुखतंय, आणि निघाले. दुपारचा एक वाजला होता. रस्त्यावर लखलखीत ऊन, शाळा सुटलेल्या मुली, डबे घेऊन बसलेले गवंडी. अशा उजेडात माणसाला खुळ्यासारखं वाटतं. मी जिन्यात ठरवलं की आत जायचं, त्याला समोर बसवायचं, माझं काम सांगायचं, त्याचंही त्याला सांगायचं, आणि दोघांनी मिळून चांगल्या डॉक्टरकडे जायचं.

मी किल्लीने दार उघडलं. आवाज होऊ दिला नाही. का नाही होऊ दिला, ते माहीत नाही.

त्याच्या चपला दारात होत्या. आतल्या बोळातून पाण्याच्या आवाजाबरोबर त्याचं बोलणं ऐकू येत होतं. हलकं, सावकाश, मध्येच हसणं. तो दुकानातल्या गमती सांगत होता. एका म्हाताऱ्याने चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधायला लावला, असं काहीतरी. मला त्याने वर्षानुवर्षांत असं काही सांगितलं नव्हतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले, आणि मला भीती नाही वाटली. नवरा दुसरीशी बोलताना पकडला की जे वाटतं ते वाटलं.

मग त्याने नाव घेतलं. मला ते नीट ऐकू आलं. दोन अक्षरी होतं. माझ्यात काहीच हललं नाही.

"ओ," आतून कुणीतरी म्हणालं.

तो आवाज रोज माझ्या तोंडातून निघतो तोच होता.

मी पुढे झाले. बाथरूमचं दार वीतभर उघडं होतं आणि तो चौकटीला खांदा टेकून खाली, फरशीकडे बघत होता. त्याच्या पायांच्या बाजूने मला आतलं थोडंसंच दिसलं. ओली फरशी, नळाखालची बादली, आणि बादलीच्या पलीकडे एक पाऊल. उजवं. फिकट, पाण्यात फार वेळ राहिल्यासारखं. करंगळीचं नख मधोमध दुभंगलेलं होतं.

ते नख मला माहीत होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी छापखान्यात खिळ्यांची पेटी पायावर पडली तेव्हा दुभंगलं आणि मग कायम तसंच वाढत राहिलं. मी खाली माझ्या पायाकडे बघितलं. सँडलमधून करंगळी दिसत होती. नख अखंड होतं. कधीपासून अखंड होतं, ते मला सांगता येईना.

पाऊल हललं. आत ओढून घेतलं गेलं, लाजल्यासारखं.

त्याने वळून माझ्याकडे बघितलं. तो दचकला नाही. त्याने फक्त हात मागे नेऊन दार ओढून घेतलं आणि त्याच्यापुढे उभा राहिला. मग तेवीस वर्षांच्या संसारात मला कधीही म्हटलं नव्हतं तसं म्हणाला,

"बाई, तुम्ही आज लवकर आलात."

"आत कोण आहे?" मी विचारलं.

"तुमचं काही चुकलं असं मी म्हणत नाही," तो म्हणाला. आवाज हळू होता, आजारी माणूस झोपलेला असावा तसा. "तुम्ही चांगल्या वागलात. पण आता तिला बरं वाटतंय. ती बाहेर येईल म्हणते. दोघी एका घरात कशा राहणार?"

मी दारावर झडप घालायला हवी होती. एक धक्का दिला असता तर सगळं कळलं असतं, तो वेडा आहे की आणखी काय. पण आत पाण्याचा आवाज थांबला होता, आणि कुणीतरी कान देऊन ऐकत होतं, माझ्या उत्तराची वाट बघत. तिला माझ्याइतकीच भीती वाटत होती. ते मला दारापलीकडून कळलं. असं कळतं.

"कपडे घेऊ दे," मी म्हटलं.

"हो, सावकाश घ्या."

त्याने माझी बॅग जिन्यापर्यंत आणून दिली. पाहुण्यांची देतात तशी.

८

मी ताईकडे राहते. तिला मी एवढंच सांगितलं की त्याच्या आयुष्यात दुसरी आहे. "याला म्हणतात केसाने गळा कापणं," ती म्हणाली, आणि मला जवळ घेऊन त्याला चार शिव्या घातल्या. मग मला निरखून बघत म्हणाली, "किती उतरलीस गं, ओळखू येत नाहीस." मी तिच्या खांद्यात तोंड घातलं.

जिन्यात ठरवलेलं मी अजून केलेलं नाही. पोलीस, डॉक्टर, कुणालाच काही सांगितलं नाही. काय सांगायचं, आणि कोण म्हणून?

तीन आठवड्यांनी शांत ६१ ने वर्गणी बंद केली. बंद करताना साइट कारण विचारते. बहुतेक लोक ती जागा रिकामी सोडतात. त्याने लिहिलं होतं: पत्नी घरी असते. आता वेळ होत नाही.

मी ते वाचून त्याचं नाव यादीतून काढलं. मास्तर माझ्या पडद्याकडे वाकून बघत होते.

"गेला का तुमचा विधुर?"

"विधुर नव्हता तो," मी म्हटलं, आणि पुढचा मजकूर उघडला.